नानांचं सुरक्षित घर

धुळ्याच्या देवपुरातल्या त्या कॉलनीत कुणाच्या घरी नवी वस्तू आली, की पेढा वाटायच्या आधी गिरधरनाना येऊन उभे राहायचे. फ्रिज आला असेल तर तो भिंतीपासून वीतभर पुढे ओढायला लावायचे. गीझर बसला असेल तर अर्थिंग बघायचे. जाता जाता थांबून, मान तिरपी करून चार शब्द सांगायचे. मोबाइल उशीखाली चार्जिंगला लावून झोपू नका. ओटीपी म्हणजे तिजोरीची किल्ली, सख्ख्या जावयालाही देऊ नका. गावाला जाताना फोटो टाकू नका, आल्यावर टाका, चोरालाही फेसबुक असतं. नाना चुकीचं कधी बोलत नसत, आणि म्हणूनच त्यांना गप्प करणं कुणाला जमलं नाही.

सगळी नोकरी त्यांनी एका सूतगिरणीत सुपरवायझर म्हणून काढली होती. तिथे एकदा कापसाच्या गोदामाला आग लागली आणि त्यांच्या हाताखालचा एक माणूस आत राहिला. ती गोष्ट नाना जेवताना सांगत. तो माणूस दारावर कसा थपडा मारत होता, मग थपडा कशा थांबल्या, हे सांगताना ते वरणभात कालवत असत. "एक विडी," ते शेवटी म्हणत, "फक्त एक विडी विझवली नाही कुणीतरी."

दिपमाला धरणगावहून या घरात सून म्हणून आली तेव्हा ही गोष्ट ऐकून तिला नानांची कीव आली होती. माणूस घाबरलेला आहे, एवढंच तिला कळलं. घाबरलेला माणूस दुसऱ्याचं काय करू शकतो, ते कळायला थोडा वेळ गेला.

नवरा कुंदन जळगावला पाइपच्या कारखान्यात होता. आठवडाभर तिकडेच खोली करून राहायचा आणि शनिवारी बसने यायचा. घरात दिपमाला, नाना आणि सासू द्रौपदाबाई, तिघंच. सासू कमी बोलणारी. बोलली तर अहिराणीत, आणि बहुतेक वेळा भाकरी थापता थापता. हाताला अशी चव, की तिने केलेलं वांग्याचं भरीत खायला समोरचे निंबाभाऊ निमित्त काढून यायचे.

मग एका दुपारी घरात गॅसचा वास आला.

नाना झोपेतून उठून धावत स्वयंपाकघरात आले. मागच्या शेगडीची कळ सुरू, ज्योत नाही. त्यांनी कळ बंद केली, सगळ्या खिडक्या उघडल्या आणि घामाघूम होऊन विचारलं, "शेवटी इथं कोण होतं?"

"दिपमाला व्हती," द्रौपदाबाई म्हणाली.

दिपमालाला आपण कळ बंद केल्याचं आठवत होतं. पण रोज करतो ते काम आज केलं की काल, हे छातीठोक कोण सांगणार? ती म्हणाली, "नाना, मी बंद केली होती बहुतेक."

"बहुतेक," नाना म्हणाले. त्यांनी आवाज चढवला नाही. "त्या गोदामातही बहुतेकच होतं."

दुसऱ्या दिवशी कॅमेरेवाला आला. फाटकावर आणि पुढच्या खोलीत कॅमेरे आधीपासून होते. आता तिसरा स्वयंपाकघराच्या दारावर बसला. पांढरा, गोल, मान वळवणारा. त्यातून आवाज ऐकू येई आणि इकडून बोललेलं तिकडे जाईही. नानांनी त्याची परीक्षा लगेच घेतली. दिपमाला कणीक मळत असताना तिच्या डोक्यावरून आवाज आला, "सूनबाई, बांगड्या काढून मळ." तिच्या हातातली परात ओट्यावरून घसरली. पुढच्या खोलीत नाना हसून हसून खोकले.

तिथून संध्याकाळचा कार्यक्रम सुरू झाला. चहा झाला, की नाना फोनमधलं चित्रण टीव्हीवर लावायचे. ओल्या हाताने मिक्सरचं बटण दाबणारी दिपमाला. डब्यासाठी स्टुलावर चढलेली दिपमाला. शेगडीजवळ पदर सावरायला विसरलेली दिपमाला. नाना मध्येच थांबवून, बोट लावून दाखवायचे. सुरुवातीला घरच्यांपुरतं होतं. मग निंबाभाऊ आणि त्यांची बायको रत्नाबाई यायला लागली. टीव्हीवरच्या मालिकांपेक्षा हे बरं, असं रत्नाबाई उघड म्हणायची.

एकदा नानांनी एक निराळंच चित्रण लावलं. त्यात दिपमाला डब्यातून गुळाचा खडा काढते, दाराकडे बघते आणि पटकन तोंडात टाकते.

"हे सुरक्षेत येत नाही," नाना म्हणाले, "पण बघण्यासारखं आहे."

पुन्हा मागे घेऊन त्यांनी ते लावलं. दाराकडे बघणारी तिची ती चोरटी नजर भल्यामोठ्या पडद्यावर थांबून राहिली. सगळे हसले. द्रौपदाबाईही तोंडाला पदर लावून हसली. शनिवारी कुंदन आला तेव्हा त्याच्या फोनवर ते आधीच पोचलेलं होतं. "गूळ ताटात घेऊन खात जा ना," तो म्हणाला. दिपमालाने त्याला सांगायचा प्रयत्न केला, की मला असह्य होतंय. तो म्हणाला, "नाना तुझ्या भल्याचंच सांगतात. एक तरी गोष्ट खोटी असते का त्यात?"

नव्हती. तीच पंचाईत होती.

थंडीत तिचे वडील भटूआबा धरणगावहून आले. पिशवीत भरताची वांगी, कांद्याची पात, मुलीसाठी खणाचं कापड. नानांनी व्याह्यांचं आगतस्वागत केलं, शेजारी बसवलं आणि म्हणाले, "आबा, तुमच्या पोरीची प्रगती दाखवतो."

दिपमाला चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली. पडद्यावर ती पेटलेलं फडकं सिंकमध्ये टाकत होती, फुंकर मारत होती, बोट तोंडात धरून नाचत होती. नानांनी ते पुढे-मागे करून तिला पुन्हा पुन्हा नाचवलं. निंबाभाऊ खिदळले. भटूआबांनी आधी नानांकडे पाहिलं, मग पडद्याकडे. आणि तेही हसले. मुलीच्या सासरी बापाने जसं हसायचं असतं, तसं, जरा जास्तच मोठ्याने.

जाताना फाटकापाशी तिने आबांचा हात धरला. तिला वाटलं, आता तरी ते काहीतरी बोलतील. आबांनी वरच्या कॅमेऱ्याकडे एकदा बघितलं आणि हळूच म्हणाले, "बाई, शिकी ले. त्यास्ना मनमा काही वाईट नही." तिने त्यांचा हात सोडून दिला.

गॅसचा वास मात्र थांबला नाही. कधी कळ अर्धी उघडी राहायची, कधी दूध जळून पातेलं काळं व्हायचं, कधी गीझर दिवसभर चालू. प्रत्येक वेळी नाव दिपमालाचं. ती आता कळ बंद करून हात लावून बघायची, पुन्हा येऊन बघायची. कधी कधी तिला वाटायचं, आपल्या डोक्यातच काहीतरी बिघडलं असावं. नाना फोनमध्ये शोधायचे ते फक्त दिपमालाला. द्रौपदाबाई पडद्यावर आली की ते बोटाने पुढे सरकवायचे. "हिचं काय बघायचं," म्हणायचे, "जन्म गेला हिचा चुलीपुढे."

उन्हाळ्याच्या तोंडाशी नानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि डोळ्यांना ताण देऊ नका म्हणून बजावलं. नाना बेचैन झाले. न बघता घर कसं चालणार? शेवटी त्यांनी कॅमेऱ्यांचं ॲप दिपमालाच्या फोनमध्ये टाकून घेतलं. "तूच बघ आणि मला सांग. आणि संध्याकाळी तूच लाव. आपली चूक आपण दाखवली की जास्त लक्षात राहते."

असं ते सगळं तिच्या हातात आलं.

पहिल्याच दुपारी तिने दार लावून मागचं मागचं उघडत नेलं. आणि एका ठिकाणी थांबली. स्वयंपाकघरात द्रौपदाबाई एकटी होती. तिने शेगडी पेटवली, तवा ठेवला. मग पिठाचा डबा घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला. तवा तापून धूर यायला लागला तशी तिने शेगडी बंद केली आणि शेजारची कळ फिरवली. लायटर हातात होता, तो तिने लावला नाही. ती लायटरकडे बघत राहिली, जणू कुणी परकी वस्तू हातात दिलीय. बराच वेळ. मग तो डाळीच्या डब्यात ठेवून ती बाहेर निघून गेली. थोड्या वेळाने पडद्यात दिपमाला आली, नाकाला पदर लावत धावत जाऊन तिने कळ बंद केली. त्या संध्याकाळी टीव्हीपुढे झालेलं आपलं हसं तिला अजून आठवत होतं.

तिने आणखी मागे जाऊन पाहिलं. पुन्हा सासू. पुन्हा सासू.

दिपमाला रडली नाही. तिला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं वाटलं. आपलं डोकं ठिकाणावर होतं. मग ती फोन घेऊन मागच्या दाराबाहेरच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेल्या सासूकडे गेली आणि ते चित्रण तिच्यापुढे धरलं.

द्रौपदाबाईने बघितलं. तिचे हात थांबले.

"आई, हे तुमच्याकडून होतंय. तुम्हाला माहीत होतं?"

सासूने दाराकडे बघितलं, मग वर बघितलं. मागच्या ओट्यावर कॅमेरा नव्हता. तिने दिपमालाचं मनगट घट्ट धरलं. "सासराले सांगू नको, माय. माले याद ऱ्हात नही आते. कधी कधी समजस, कधी नही. त्या माले हसतीन. बठ्ठा हसतीन."

"मला सगळे हसत होते तेव्हा?"

शेंगांची टरफलं द्रौपदाबाईच्या मांडीवरून खाली सांडली.

"पहिल्या दिवशी तुम्ही माझं नाव घेतलंत. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"व्हतं," सासू म्हणाली. "माले भ्याव वाटनं."

दिपमालाने मनगट सोडवून घेतलं. पण तरी तिने लगेच नानांना सांगितलं नाही. आधी कुंदनला फोन केला. आईला डॉक्टरांकडे न्यायला पाहिजे, असं सरळ सांगितलं. तिकडून मशीनचा घरघराट येत होता. कुंदन म्हणाला, "आईला? आई चाळीस माणसांचा स्वयंपाक एकटी करते. तुझ्या चुका झाकायला आता तिचं नाव घेतेस? लाज वाटू दे जरा." आणि फोन कापला.

संध्याकाळी निंबाभाऊ, रत्नाबाई आले. नाना काळा चष्मा लावून मध्यभागी बसले. "चला सूनबाई, आज काय गुण उधळले? लाव बघू. आणि तूच सांगायचं, काय चुकलं ते." रत्नाबाई मांडी घालून सावरून बसली. कोपऱ्यात द्रौपदाबाई जपमाळ घेऊन बसली होती. तिने दिपमालाकडे बघितलं. ती नजर दिपमालाला ओळखीची होती. गुळाचा खडा तोंडात टाकण्याआधी दाराकडे बघणारी तिची स्वतःची नजर अशीच होती.

दिपमालाने सासूचं चित्रण लावलं.

पडद्यावर पिठाचा डबा उघडला, मिटला. लायटर डाळीत गेला. नानांना डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, ते पुढे वाकून विचारत होते, "कोण आहे? काय करतेय?"

"आई आहेत," दिपमाला म्हणाली. "गॅस सुरू ठेवून लायटर डाळीच्या डब्यात ठेवतायत. नेहमी त्याच करत होत्या, नाना. मी नाही."

द्रौपदाबाई पडद्याकडे बघत होती. तिचा चेहरा हळूहळू कोरा होत गेला. मग तिने रत्नाबाईला कोपर लावून विचारलं, "हाई कोन शे?"

तिने सोंग केलं की खरंच तिला स्वतःला ओळखू आलं नाही, हे दिपमालाला त्या वेळीही कळलं नाही आणि नंतरही नाही. पण रत्नाबाईच्या तोंडून फिसकन हसू फुटलं. मग निंबाभाऊंच्या. दिपमालाला वाटलं, आता नाना माफी मागतील, निदान उठून बायकोजवळ जातील. नाना खुर्चीत मागे रेलले आणि त्यांच्या पोटातून हसू वर आलं. "अरे बापरे! लायटरला फोडणी द्यायची होती का हिला? गिरणीत असती तर धुळं उडवलं असतं हिने!"

"परत लावा, परत लावा," रत्नाबाई म्हणाली.

दिपमालाने परत लावलं. आणि डाळीचा डबा आला तसं तिलाही हसू आलं. आधी जरासं, मग आवरेना. त्या घरात आल्यापासून ती इतकी कधी हसली नव्हती. सगळे हसताहेत आणि त्यांच्यात आपण आहोत, समोर नाही, याचं तिला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांतून पाणी आलं. द्रौपदाबाईही हसत होती. पदर तोंडाला लावून, सगळे कशाला हसतात ते न कळता.

नंतर कुंदनला यावंच लागलं. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, विसरण्याचा आजार आहे म्हणाले, वाढत जाणारा. "रागावू नका, हसू नका. एकट्या सोडू नका. हाताला सवयीचं काम राहू द्या, भाकरी करू द्या, फक्त शेजारी कुणीतरी बसा." कुंदनने मान डोलावली. परत येताना गाडीत तो दिपमालाला म्हणाला, "तू लक्ष ठेव." तिची माफी त्याने मागितली नाही. तिनेही आठवण करून दिली नाही.

शेजारी बसायला कुणाला वेळ होता? नानांनी नियम केला. स्वयंपाक झाला, की सिलिंडरचा रेग्युलेटर काढायचा, कपाटात ठेवायचा आणि किल्ली दिपमालाच्या कमरेला. सुऱ्या, काड्यापेटी, तेलाचा डबा, सगळं कुलपात. द्रौपदाबाई ओट्याजवळ गेली, की कॅमेऱ्यातून आवाज द्यायचा. नानांचे डोळे बरे झाले तरी हे काम दिपमालाकडेच राहिलं. "सूनबाई तयार झाली," नाना लोकांना सांगायचे. "आता घर सुरक्षित आहे."

खरंच, त्यानंतर गॅसचा वास कधी आला नाही.

कॉलनीतल्या बायका दिपमालाला विचारायला लागल्या. कुठला कॅमेरा घ्यावा, म्हाताऱ्या माणसांना कसं सांभाळावं. ती छान समजावून सांगायची. बाथरूमची आतली कडी काढून टाका. औषधं उंचावर ठेवा. त्यांच्याशी वाद घालू नका, आवाज थोडा वरून आला की ऐकतात. बोलताना ती मध्येच थांबायची, मान तिरपी करायची, अगदी नानांसारखी.

एका दुपारी ती रत्नाबाईच्या गच्चीवर कुरडया घालायला गेली होती. चारपाच बायका होत्या. फोन वाजला. कॅमेऱ्याची सूचना होती, स्वयंपाकघरात हालचाल आहे.

द्रौपदाबाई ओट्यापुढे उभी होती. पीठ तिला कुठूनतरी सापडलं होतं. बंद शेगडीवर थंड तवा ठेवून ती भाकरी थापत होती. हात अजून तसेच, झरझर, गोल, कडेला एक चीर नाही. थापलेली भाकरी तिने तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं आणि ती फुगायची वाट बघत उभी राहिली.

त्यात धोका कसलाच नव्हता. गॅसच नव्हता. दिपमाला खाली उतरून रस्ता ओलांडती आणि कपाट उघडून रेग्युलेटर लावती, तर ती भाकरी फुगली असती. हे तिच्या मनात आलं, नाही असं नाही. पण बायका तिच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या.

"बोल ना त्यातून," एकजण म्हणाली. "आम्हाला ऐकू दे."

दिपमालाने बटण दाबलं. "आई, मागे व्हा."

पडद्यावरची म्हातारी दचकली. तिने इकडेतिकडे बघितलं, मग वर बघितलं आणि पीठ लागलेले दोन्ही हात छताकडे जोडले. "जास, माय, जास मी," ती म्हणाली. पण निघताना तव्याकडे वळली.

बायका हसल्या. "अगंबाई, हात जोडते! परत एकदा बोल."

"आई. मागे व्हा म्हटलं ना."

म्हातारी पुन्हा दचकली, पुन्हा हात जोडले. मागे सरताना तिची पाठ फ्रिजवर आपटली. रत्नाबाईने डोळे पुसत फोनचा कोपरा आपल्याकडे ओढला. मग बायकांना कुरडयांची आठवण झाली, ऊन चढत होतं, त्या उठून आपापल्या कामाला लागल्या. दिपमाला फोन घेऊन तिथेच बसली. द्रौपदाबाई भिंतीला चिकटून उभी होती, हलत नव्हती. दिपमालाने आणखी एकदा बटण दाबलं.

घरी आल्यावर तिने तव्यावरची कच्ची भाकरी कचऱ्यात टाकली, रेग्युलेटर लावून वरणभात केला आणि सासूला ताट वाढलं. द्रौपदाबाईने तिचा पदर धरला आणि कुजबुजत म्हणाली, "दिपमाला, घरमा एक बाई शे. वरथून माले रागे भरस. माले तिना भ्याव वाटस. तू कोठे जाऊ नको, मन्हाजोडे बस."

"बसते," दिपमाला म्हणाली. "तुम्ही जेवा आधी. गार होतंय."

फोन हातात घेऊन ती तिच्याशेजारी बसली आणि संध्याकाळी टीव्हीवर आजचं कुठलं लावावं ते बघू लागली.